रुमालाखालचा भाव

सांगलीच्या आमच्या घरात हळदीखेरीज दुसरा कुठलाच रंग फार दिवस टिकला नाही. दिवाळीला भिंतींना सफेदी व्हायची आणि संक्रांत येईतो त्या परत पिवळ्या. उंबरे पिवळे, मांजर पिवळं, माझ्या वह्यांच्या कडा पिवळ्या. शाळेत कुणाची वही सापडली आणि तिच्यावर नाव नसलं, तर पोरं नुसता वास घेऊन ती माझ्या बाकावर आणून टाकायची. घराच्या पुढच्या भागात अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अडत दुकान होतं आणि मागच्या अंगणात हळकुंडं घासायचं लोखंडी पिंप. दोन गडी दोन बाजूंनी दांडा धरून ते फिरवत आणि त्याची घरघर सकाळपासून घरभर चालू असे. त्या घरघरीतच मी पाढे पाठ केले आणि इंग्रजी शब्दांचे अर्थ घोकले. पुढे नोकरीसाठी साताऱ्याला बिऱ्हाड केलं तेव्हा सुरुवातीला मला तिथे काही सुचेना. एवढी शांतता असली की माणसाच्या डोक्यात नको ते विचार येतात.

घरात शब्द चालायचा तो आत्याचा. ती अप्पांची थोरली बहीण. कोवळ्या वयात लग्न झालं, विशीच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. अप्पा तिला आक्का म्हणत आणि तिच्यासमोर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. बाजारात ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं हमाल सरळ व्हायचे ते अप्पा आत्या समोर आली की उपरण्याचं टोक चाळवत बसत. आम्ही जैन, त्यामुळे जेवणं दिवस मावळायच्या आत. आत्या स्वैपाकघराच्या खिडकीतून मावळतीकडे एक डोळा ठेवून वाढायची. ऊन समोरच्या पिंपळाच्या शेंड्यावर गेलं की "आटपा" म्हणायची आणि त्यानंतर ज्याच्या ताटात भाकरी उरली त्याची ती उरली. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर सायीचं दही. कांदा-लसूण घरात नाही, तरी त्या चटणीची चव मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. भरभर जेवायची सवय मात्र जन्माची लागली. लग्नाच्या पंगतीत माझं पान पुसून होतं तेव्हा शेजारच्या बाईनं नुसता वरणभात कालवलेला असतो.

अप्पांचा धंदा तोंडाचा नव्हता, हाताचा होता. हळदीच्या राशीपाशी अडत्या उभा राहायचा, हातावर रुमाल नाहीतर उपरणं टाकायचा, आणि खरेदीदार एकेक करून त्या कापडाखाली हात घालून त्याची बोटं धरायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. तोंडानं गप्पा चालायच्या पावसापाण्याच्या नि पोरांच्या लग्नांच्या, आणि खाली भाव ठरायचा. कुणी किती बोटं धरली ते त्या दोघांनाच ठाऊक. एकदा "सौदा झाला" म्हटलं की झाला. मागाहून कुणी भाव विचारायचा नाही, आणि मोडायचा तर नाहीच नाही. दुपारी बाजार थंडावला की अप्पा गादीवर लोडाला टेकून मला हे सगळं शिकवत. मला मुलगा समजून शिकवत, असलं काही नाही. समोर दुसरं कुणी नसे आणि त्यांना गप्प बसवत नसे, एवढंच कारण. माल कसा बघायचा तेही त्यांनीच शिकवलं. रास वरून बघायची नाही, वर सगळेच चांगलं ठेवतात. मधे हात घालायचा, एक हळकुंड काढायचं नि मोडून बघायचं. पोतं असलं तर लोखंडी नळी खुपसून मधली वानगी, म्हणजे नमुना, काढायची. दहाव्या वर्षी मी या विद्येत पक्की तयार होते, आणि ती वापरायला मला कुठं जागाच नव्हती. बाजारात बाई माती झाडायला बसलेली चालायची, भाव करायला बसलेली नाही.

शाळेत इंग्रजी पाचवीच्या, म्हणजे आताच्या नववीच्या, वर्गात आम्ही तिघी मुली होतो, बाकी सगळे मुलगे. आमचा बाक पुढे, टेबलाला जवळजवळ चिकटून. आमचे जुने इंग्रजीचे मास्तर धडा वाचत, अर्थ सांगत, तो आम्ही लिहून घेत असू. मग ते प्रश्न सांगत, त्याचं उत्तरही सांगत, तेही आम्ही लिहून घेत असू. ‘या कवितेतलं तुला काय आवडलं?’ असा एक प्रश्न असे, त्याचंसुद्धा उत्तर त्यांनी लिहून दिलेलं होतं. त्यामुळे सबंध वर्गाला एकच गोष्ट आवडलेली होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. आज मला हसू येतं, पण तेव्हा यात चमत्कारिक काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. आवडायचं काय ते मास्तरांनी सांगायचं, नाहीतर शाळेत कशाला जायचं?

ते मास्तर वर्षाच्या मध्येच निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी साताऱ्याहून वाकनीस सर आले. किडकिडीत अंगाचे, कोटाच्या बाह्या मनगटाच्या वरच थांबलेल्या, आणि बोलताना खडू चावायची खोड. तास संपेतो ओठ पांढरे व्हायचे. लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता, आणि आमचं इंग्रजीचं नवीन पुस्तक छापूनच आलेलं नव्हतं. निम्म्या वर्गाकडे पुस्तक नाही म्हटल्यावर सरांनी हेडमास्तरांची परवानगी काढली आणि एक दिवस हमालाच्या डोक्यावर आपली ट्रंक घेऊन वर्गात आले. पाचगणीच्या कुणा साहेबाचा बंगला लिलावात निघाला होता, तिथून त्यांनी ती घेतलेली. सरांना खरं तर ट्रंक हवी होती. घरी आणून उघडली तर ती पुस्तकांनी भरलेली निघाली. त्यातली निम्मी आपणही वाचलेली नाहीत, असं त्यांनी वर्गाला खुशाल सांगून टाकलं. मास्तरानं न वाचलेलं पुस्तक जगात असू शकतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

सर म्हणाले, दर शुक्रवारी आणि शनिवारी इंग्रजीच्या तासाला ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते पुस्तक यातून घ्यायचं आणि वाचायचं. महिन्याभरानं उभं राहून सांगायचं, काय वाचलं आणि आवडलं की नाही. नाही आवडलं म्हटलं तरी चालेल. हे ऐकल्यावर वर्ग असा चिडीचूप झाला की बाहेर घंटेजवळ बसलेला शिपाई डोकावून गेला. शेवटी मॉनिटर उठला. दौलत त्याचं नाव, साताऱ्याकडच्या एका खेड्यातला. दोन चुलते पलटणीत, वडील ऊस आणि हळद करायचे, आणि तो इथे बोर्डिंगात राहायचा. आमच्याहून वयानं थोराड, मिसरूड फुटलेला.

"आवं सर," तो म्हणाला, "आमाला काय कळतंय त्यातलं? तुमीच सांगा की कुठलं घ्यायचं ते."

सर म्हणाले, मी सांगितलं तर ती माझी निवड होईल, तुझी नाही. मग गुळाच्या अडत्याचा मुलगा जिनदत्त उठला आणि यातलं परीक्षेला कुठलं येणार ते त्यानं विचारलं. एकही नाही, असं सर म्हणाले. तेव्हा त्यानं मनापासून, अगदी गरीब चेहरा करून विचारलं, मग वाचायचं कशाला? सर हसले, पण मला वाटतं मनातून थोडे खचलेच. त्या शुक्रवारी कुणी ट्रंकेला हात लावला नाही. सगळा वर्ग हाताची घडी घालून बसला.

मी मात्र लावला. ट्रंक आमच्या बाकाशेजारीच होती आणि झाकण उघडं. वरची पुस्तकं मी बघितलीसुद्धा नाहीत. मधे हात घातला, एक जाडजूड लाल पुस्तक काढलं आणि बरोबर मधे उघडलं. पहिली काही पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे त्याचं नाव काय ते मला आजतागायत ठाऊक नाही. मधल्या पानावर माझ्याएवढीच एक मुलगी जेवणाच्या टेबलाशी उभी होती, समोर तिची आत्या होती, आणि ती मुलगी आत्याला म्हणत होती, "आय विल नॉट." त्या पानावरचे निम्मे शब्द मला येत नव्हते, पण एवढं इंग्रजी मला येत होतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आत्याला असं बोलता येतं आणि बोलल्यावर माणूस पुढच्या पानावरही जिवंत असतो, हे मला नवीन होतं. ते पुस्तक मला हवंच होतं. आयुष्यात तोपर्यंत मला इतकं हवंसं काही वाटलं नव्हतं. घंटा झाली आणि सरांनी ट्रंकेला कुलूप घातलं.

शनिवारी मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटला, आणि सगळ्यांना एकच पुस्तक हवं झालं, सगळ्यात बारकं. ते कुत्र्यांच्या रोगांवरचं निघालं, पण पानं कमी असल्यावर रोगाचं काय एवढं? ओढाओढी सुरू झाली. तेवढ्यात सरांना हेडमास्तरांचं बोलावणं आलं. मी येईतो आपसांत ठरवा, मात्र भांडण होता कामा नये, असं बजावून ते गेले. आता भांडायचं नाही आणि ठरवायचं म्हटल्यावर सांगलीच्या पोरांना एकच रीत ठाऊक होती. दौलतनं खांद्यावरचा पंचा काढला, हातावर टाकला आणि ट्रंकेपाशी जाऊन उभा राहिला.

"आमची हळद घिऊन बा दरसाली हितं येतो," तो म्हणाला. "माल आमचा, आन् कापडाखाली काय चाललंय ते आमालाच ठावं न्हाई. आज मी अडत्या. या रं गड्यांनो."

भाव कशात करायचा हाही प्रश्न त्यानंच सोडवला. एक बोट म्हणजे त्याचा एका दिवसाचा गणिताचा घरपाठ करून द्यायचा. दौलतचं आणि गणिताचं जमत नव्हतं. मुलगे एकेक करून येत, पंच्याखाली हात घालत, वर तोंडानं क्रिकेटच्या गप्पा मारत, आणि दौलत डोळे मिटून ‘सौदा झाला’ म्हणे. कुत्र्यांचे रोग पंजावर आणखी बोटं चढून गेले. बघता बघता दौलतची बऱ्याच महिन्यांची गणितं सुटली. आमच्या तिघींपैकी कुणी जागची हलली नाही. मुलाच्या हातात हात द्यायचा, तोही कापडाखाली, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती. उरेल ते आपण घेऊ, शेजारची इंदू म्हणाली. मीही तेच ठरवलं होतं, कारण जाड पुस्तकाला कोण विचारतंय?

पण जिनदत्त विचारत होता. तो गुळाच्या पेठेतला, त्याला माल वजनावर कळायचा. त्यानं ट्रंकेतली पुस्तकं एकेक हातात तोलून बघितली आणि माझं लाल पुस्तक काढून दौलतपुढे ठेवलं. मग पंच्याखाली हात घातला. त्याच्या कोपराच्या हालचालीवरूनच मला कळलं की दोन. एवढं शिकल्याचा काही उपयोग नको का? दौलतनं ‘आणखी कुणी?’ म्हणून वर्गाकडे बघितलं. कुणीच नाही. त्यानं डोळे मिटले. तो आता तोंड उघडणार, आणि ती मुलगी तिच्या आत्यासकट गुळाच्या पेठेत जाणार, हे मला दिसलं. मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. मी ट्रंकेपाशी गेले, पंच्याखाली हात घातला आणि दौलतचा सगळा पंजा धरला.

दौलत पुढे पलटणीत गेला आणि सुभेदार होऊन परत आला. साताऱ्याच्या स्टँडवर एकदा भेटला तेव्हा मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, की बाई, गोळीला भ्यालो न्हाई, पर त्या दिवशी लय भ्यालो. वर्गात तेव्हा त्याचा चेहरा खरोखरच पांढराफटक पडला होता. पण अडत्या म्हणून उभा राहिला होता ना, त्यानं रीत सोडली नाही. बारीक आवाजात का होईना, "सौदा झाला" म्हणाला. आणि त्याच वेळी दारात वाकनीस सर उभे होते.

सरांना आधी वाटलं, काही नवस वगैरे चाललाय. दौलतनं सगळं खरंखरं सांगितल्यावर ते ट्रंकेच्या कडेवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग मला विचारलं, हेच पुस्तक का? मी म्हटलं, मधलं पान मोडून बघितलं. सर गंभीर झाले आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, या वर्गात पुस्तक निवडलंय ते फक्त हिनं, बाकीच्यांनी नुसती पानं मोजली. मी इतकी फुशारले की घरी जाताना रस्ता मला अंमळ अरुंदच वाटत होता.

घरी माझ्याआधी बातमी पोचली होती. जिनदत्तनं ती गुळाच्या गादीवर सांगितली आणि तिथून हळदीच्या गादीवर यायला तिला कितीसा वेळ लागणार? आत्या दारातच उभी होती. तिनं मला हात लावला नाही, ओरडलीही नाही. शाळा बंद, एवढंच म्हणाली. कवठ्याहून एक स्थळ सांगून आलेलं होतं, मुलगी अजून शिकतेय म्हणून अप्पांनी ते ताटकळत ठेवलं होतं. आता त्यांना होकार कळवायचा आणि वैशाखात उरकून टाकायचं.

"आज पुस्तक निवडलं," आत्या म्हणाली, "उद्या नवरा निवडेल."

मी लाल पुस्तक पोटाशी धरून हमसाहमशी रडले. उलट एक शब्द बोलले नाही. ‘आय विल नॉट’ मला पाठ होतं, पण ते टेबल-खुर्चीवर बसणाऱ्यांचं काम. पाटावर बसून ते तोंडातून फुटत नाही. आई माझ्या भाकरीवर नेहमीपेक्षा जास्त तूप वाढून गेली. तिला जे बोलायचं असे ते ती तुपातच बोलायची. मग अप्पांनी मला दुकानात बोलावलं. मला वाटलं, आता इथेही बोलणी बसणार. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, किती धरलीस? मी म्हटलं, पंजा. दुसऱ्याची बोली किती होती? दोन. अप्पांनी कपाळाला हात लावला. तीनवर मिळालं असतं की, म्हणाले. दिवसभरात त्यांना राग आला तो एवढ्याच गोष्टीचा.

माझी शाळा बंद झाल्याचं कानावर गेलं म्हणून रविवारी दुपारी वाकनीस सर घरी आले. साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आले होते, आणि साखर रेशनवर असताना एवढे पेढे आणणारा माणूस एक तर फार सज्जन असावा नाहीतर फार गुन्हेगार, अशा नजरेनं आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. ती माजघराच्या उंबऱ्याशी बसली, सर गादीच्या कडेला, मध्ये अप्पा उपरणं चाळवत. मी दाराआड. आत्यानं सरळ विषयाला हात घातला. पोरींनी काय वाचायचं ते मास्तरांनी सांगायचं असतं, त्यासाठी शाळेनं त्यांना ठेवलेलं आहे. आणि मग ते पुस्तक आणि नवऱ्याचं वाक्य तिनं सरांनाही ऐकवलं. त्यावर ‘छे छे, तसं कसं होईल’ एवढं म्हणून गप्प बसायची अक्कल कुणालाही असती. सरांना ती नव्हती.

"निवडेना का," सर म्हणाले. "निवड चांगली आहे तिची."

अप्पांना ठसका लागला. आत्याचे डोळे बारीक झाले. सर आपले पुढे बोलतच होते. म्हणाले, मंडईत मी तुम्हाला बघितलंय. दोडका घेताना तुम्ही एकेक मोडून बघत होता. भाजीवाली करवादली तरी तुम्ही पाटीत तळापर्यंत हात घातलात.

"दोडका कडू निघाला तर टाकून देता येतो, मास्तर," आत्या म्हणाली. "नवरा टाकता येत नाही."

"म्हणून तर निवडायची सवय आधीपासून हवी."

आत्या म्हणाली, मला कुणी विचारलं नव्हतं, माझं काय अडलं? यावर सरांना एकदाचं गप्प बसणं जमलं. मागच्या अंगणात पिंपसुद्धा रविवारचं बंद होतं. आत्यानं पदर सारखा केला आणि खिडकीतून पिंपळाकडे बघितलं. ऊन शेंड्याकडे सरकत होतं, ताटं घ्यायची होती.

"काय ते आत्ता सांग," ती अप्पांना म्हणाली. "पोर उद्या शाळेत जाणार की नाही?"

अप्पा आत्याला नाही म्हणाले असं मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि ते कधी म्हणणारही नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. झालं, संपलं सगळं, असं मी मनात म्हटलंसुद्धा. अप्पा खाकरले. मग त्यांनी मला हाक मारून समोर बसवलं, खांद्यावरचं उपरणं काढलं, आपल्या हातावर टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. मला कळेना. त्यांनी हनुवटीनं खूण केली. मी उपरण्याखाली हात घातला. अप्पांनी माझं एक बोट धरलं आणि सरांना विचारलं, काय मास्तर, साताऱ्याकडं पाऊस कसा काय यंदा?

एक बोट, म्हणजे एक वर्ष. वैशाखातलं लग्न एक वर्षानं पुढे. मी त्यांचा सगळा पंजा धरला. अप्पांच्या भुवया वर गेल्या, पण तोंडानं ते घाटातल्या रस्त्याची चौकशी करत होते. त्यांनी दोन बोटं धरली. मी पंजा सोडला नाही. रस्ता फार खराब आहे, सर सांगत होते, आणि आपण कशात भाग घेतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. अप्पांनी माझ्या तळव्यावर नखानं टोचलं, तो बाजारातला जुना डाव, समोरच्याला ‘शुद्धीवर ये’ म्हणायचा. मी नाही आले शुद्धीवर. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात सुटत नव्हता. अप्पांचा हात आधी नेहमीसारखा कडक होता, अडत्याचा. मग तो मऊ झाला. आणखी थोडी घासाघीस झाली, आणि एका आकड्यावर आम्ही दोघंही थांबलो. अप्पांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि आत्याकडे न बघता म्हणाले, "सौदा झाला, आक्का."

आत्यानं तोंड उघडलं. ‘किती?’ हा शब्द तिच्या ओठांवर आलेला आम्हा सगळ्यांना दिसला. पण ती अडत्याची मुलगी होती, अडत्याची बहीण होती. झालेल्या सौद्याचा भाव विचारत नाहीत आणि सौदा मोडत नाहीत, हे तिच्या हाडात होतं. तिनं तोंड मिटलं. ऊन गेलं, आटपा, म्हणाली, आणि सरांनाही पाट मांडला. सर अजून पहिल्याच भाकरीवर होते तेव्हा तिनं ताटं उचलली.

मी सोमवारी शाळेत गेले. महिन्यानं सगळ्यांनी उभं राहून सांगितलं. जिनदत्तनं माझं लाल पुस्तक गेल्यावर ट्रंकेतलं दुसरं सर्वांत जड पुस्तक घेतलं होतं, ते इंग्रजी स्वैपाकाचं निघालं, पानोपानी बदकं आणि डुकरं. बिचारा जैनाचा मुलगा, घरी कुणाला सांगायचीही सोय नाही. त्यानं उभं राहून ‘आवडलं नाही’ एवढंच म्हटलं आणि बसला. सरांनी त्याला शाबासकी दिली. सबंध वर्गात आपलं स्वतःचं मत सांगणारा तो पहिला. माझी गत याहून वाईट झाली. माझी ती बाणेदार मुलगी ‘आय विल नॉट’ म्हणून घराबाहेर पडते, आणि दोन-तीन पानांतच तिला पश्चात्ताप होतो. पुढचं सगळं पुस्तकभर ती आजारी आत्याची सेवा करते. मधली वानगी सगळ्या पोत्याची खबर देतेच असं नाही, हे अप्पांनी मला शिकवायचं राहून गेलं होतं. आमच्या आत्यानं मात्र ती गोष्ट माझ्याकडून रोज दुपारी मराठीत सांगून घेतली, पदरानं डोळे पुसले, आणि मास्तर पुस्तकं चांगली देतात असं शेजारीपाजारी सांगत सुटली.

ठरलेली मुदत संपली तेव्हा अप्पांनी पुन्हा उपरणं पसरलं. मॅट्रिक झाले तेव्हा पसरलं, आणि शेवटी स्थळ मनासारखं आलं तेव्हाही आधी उपरणंच पसरलं. मी शिकले आणि साताऱ्याच्या शाळेत पुष्कळ वर्षं इंग्रजी शिकवलं. वर्गात एक ट्रंकही ठेवली होती. दरवर्षी पहिल्या दिवशी कुणीतरी विचारायचंच, बाई, यातलं परीक्षेला कुठलं येणार? आता मी सांगलीतच विश्रामबागेत मुलाकडे असते. नात हातातल्या फोनवर हजार पुस्तकं घेऊन येते आणि विचारते, आजी, कुठलं वाचू? मी म्हणते, मधे उघड आणि बघ. ती म्हणते, याला मध्य नसतो. बरं बाई.

अप्पा गेले, त्यांनी तो भाव कुणाला सांगितला नाही. मीही सांगितला नाही, आणि इथेही लिहिणार नाही. पण आत्या शेवटी आजारी होती तेव्हा मी साताऱ्याहून रजा घेऊन तिच्याजवळ येऊन राहिले होते, त्या पुस्तकातल्या मुलीसारखी, आणि मला त्याचा रागही आला नाही. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून तिनं विचारलं, त्या दिवशी किती ठरलं गं तुमचं? इतकी वर्षं तिनं ते पोटात ठेवलं होतं. मी गोधडीखाली हात घातला, तिची बोटं शोधली, आणि जितकी ठरली होती तितकी धरली. मनातल्या मनात तिचा हिशेब चालला असावा.

"एवढ्यावर सोडलंस व्हय?" ती म्हणाली. "मी असते तर नसतं सोडलं."

आणि तिनं माझा सगळा पंजा धरला.